मांड्या का उतरतात आणि सत्तरीतही ताकद परत कशी आणायची

खुर्चीतून उठताना आधी अंग पुढे-मागे झुलवायचं, मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवायचे, "आई गं" म्हणायचं आणि मग उठायचं. घरात सत्तरीचं माणूस असेल तर हे दृश्य रोजचं असतं, आणि रोजचं असल्यामुळेच त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खापर फुटतं गुडघ्यावर. तेल येतं, मलम येतं, नी-कॅप येते. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, आणि अशा घरात गेल्यावर गुडघ्याआधी त्याच्या वर बघते. मांडीचा पुढचा भाग हाताने चाचपला की बऱ्याचदा कळतं, गुडघा उगाच बदनाम झालाय. ज्याने त्याला सांभाळायचं तो स्नायूच उतरलाय.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, पण मी रोज पाऊण तास चालतो." चालताय ते छानच आहे, हृदयासाठी आणि साखरेसाठी ते सोडू नका. पण चालण्याने मांडी टिकत नाही. का टिकत नाही, ते आधी सांगते.

आत काय घडतं

तरुण माणसाच्या वजनात साधारण ४० टक्के वाटा हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. तिशीनंतर हा साठा हळूहळू घटू लागतो, दर दहा वर्षांनी अंदाजे ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. ताकद त्याहून झपाट्याने जाते. सत्तरीच्या पुढे स्नायूचं वजन वर्षाला १ टक्क्याच्या आसपास घटत असेल, तर जोर ३ टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणून दंड पूर्वीसारखाच दिसतो, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी पोषणतज्ज्ञाने या झिजेला सार्कोपेनिया असं नाव दिलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. २०१६ पासून अमेरिकेतल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकही आहे. आपल्याकडे अजून त्याचं नाव "वय झालं" हेच आहे.

जोर आधी का जातो, ते समजायला विजेच्या खांबांकडे बघा. स्नायूचे तंतू गटागटाने एकेका चेतापेशीला जोडलेले असतात. ही पेशी म्हणजे त्या गल्लीचा लाइनमन. वय वाढतं तसे मणक्यातले काही लाइनमन निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. शेजारचा लाइनमन जमेल तेवढे अनाथ खांब आपल्याकडे घेतो, उरलेल्यांचा पुरवठा तुटतो आणि ते तंतू सुकतात. जे जोडले जातात त्यांचंही काम पूर्वीसारखं नेमकं होत नाही, कारण एकाच माणसाकडे आता दोन गल्ल्या असतात. सुईत दोरा ओवणं, शर्टाचं बटण लावणं, पाऊल अचूक टाकणं अशा कामांत हा ढोबळपणा जाणवतो.

हे नुकसान सगळ्या तंतूंचं सारखं होत नाही. स्नायूत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू मिसळलेले असतात. एक संथ, न थकणारे, तासन्‌तास चालवणारे. दुसरे वेगवान, झटक्यात जोर लावणारे आणि लवकर दमणारे. वयामुळे मुख्यतः दुसरे बारीक होतात. त्यामुळे एखाद्या आजी देवळापर्यंतचे दोन किलोमीटर आरामात चालून येतात आणि घरी ओल्या फरशीवर पाय सरकला की सावरू शकत नाहीत. सावरायला अर्ध्या सेकंदात जोर लागतो, आणि तो देणारे तंतू चालताना फारसे जागेच होत नाहीत. एसटीची पहिली उंच पायरी, जमिनीवरून उठणं, पाण्याची बादली उचलणं ही सगळी कामं त्यांचीच.

आणखी एक गोष्ट घडते, आणि या लेखातलं पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. म्हाताऱ्या स्नायूला ऐकू कमी येतं. तरुण स्नायूला थोडं प्रथिन आणि थोडा व्यायाम दिला की तो लगेच नवीन मांस बांधायला घेतो. वयस्कर स्नायूला तीच हाक पोहोचत नाही, मोठ्याने मारावी लागते. प्रयोगांतल्या मोजमापानुसार तरुणाला एका जेवणात दर किलो वजनामागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिन पुरतं, तर वृद्धाला तेवढ्याच परिणामासाठी ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका बैठकीत साधारण २४ ग्रॅम. आपण मात्र नेमकं उलटं करतो. वय वाढलं की "हलकं खा, जपून राहा, वजन उचलू नका." हाक मोठी करायच्या ऐवजी आपण कुजबुजायला लागतो.

मोठ्याने हाक मारली तर स्नायू नव्वदीतही ऐकतो. १९९० मध्ये बोस्टनमधल्या डॉ. मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा, चांगल्या जड वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपटीच्या जवळ गेली. दोघांची काठी सुटली.

"पण मी तर बारीकच आहे"

हा गैरसमज आपल्याकडे जास्त धोक्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांच्या "बारीक पण चरबीदार" ठेवणीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी "लॅन्सेट"मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला मांस आणि चरबी यांतला फरक कळत नाही. चाळिशीत ५८ किलो आणि सत्तरीतही ५८ किलो हे कौतुकाने सांगितलं जातं, पण मधल्या काळात चार-पाच किलो मांस जाऊन तेवढीच चरबी आलेली असू शकते. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायूंचं असल्यामुळे मधुमेहींनी तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं.

पहिली पायरी: घरी मोजा

एक खुर्ची, शिवणकामाची टेप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरतं. खालचे आकडे सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेले आहेत. युरोपच्या गटाचे आकडे थोडे वेगळे आहेत. खुर्चीसाठी ते १५ सेकंद धरतात, त्यामुळे नेटवर दोन्ही वाचून गोंधळू नका. आपली शरीरयष्टी बघता आशियाई आकडे धरलेले बरे.

खुर्ची जेवणाच्या टेबलाची असते तशी साधी, टणक, पाठीमागे भिंत असलेली घ्या. प्लास्टिकची नको, ती सरकते. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या लवकर. पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी आहे असं समजा. हात न लावता एकदाही उठता आलं नाही तर तेही लिहून ठेवा, तीच तुमची सुरुवातीची नोंद. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

मग चाल. जमिनीवर ६ मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट, खडूने आखा. त्याआधी चार पावलं मोकळी सोडा, म्हणजे रेषा ओलांडताना चाल नेहमीच्या वेगाची असेल. हे अंतर कापायला ६ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर चाल मंदावली आहे.

पोटरी सर्वांत जाड जागी मोजा. पुरुषांमध्ये ३४ सेंमीपेक्षा कमी आणि स्त्रियांमध्ये ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल किंवा अंगाने लठ्ठ असाल तर हा आकडा फसवतो. हाताच्या पकडीचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. तिथे पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो ही रेषा आहे.

मोजायला लाजणाऱ्या काकांसाठी पाच प्रश्नांची एक चाचणी आहे, सार्क-एफ नावाची. साडेचार किलोचं ओझं उचलायला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला, खुर्ची किंवा पलंगावरून उठायला, दहा पायऱ्या चढायला त्रास होतो का? अजिबात नाही तर ०, थोडा तर १, खूप किंवा जमतच नाही तर २ गुण. पाचवा प्रश्न गेल्या वर्षभरातल्या पडण्याचा. एकदाही नाही ०, एक ते तीन वेळा १, चार किंवा जास्त वेळा २. बेरीज ४ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे हा विषय काढाच.

सगळे आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशेब लिहिता तिथेच. वहीत लिहिलेलं हरवतं.

आधी डॉक्टर कुणी गाठायचे

वयामुळे होणारी झीज हळू आणि दोन्ही बाजूंना होते. एकच हात किंवा एकच पाय बारीक होत असेल, अशक्तपणा काही आठवड्यांत आला असेल, गिळायला त्रास असेल, कारण नसताना वजन भराभर उतरत असेल, तर ते वय नव्हे. आधी तपासणी. थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता (शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ही वारंवार सापडते), ताब्यात नसलेला मधुमेह, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे होणारी स्नायूदुखी या सगळ्यांचं सोंग "म्हातारपणा"सारखंच दिसतं. मात्र दुखतंय म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

छातीत दुखणं, थोड्या हालचालीने धाप, वाढलेला रक्तदाब, हर्निया, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं किंवा इतर कुठलं ऑपरेशन असेल तर व्यायामाला डॉक्टरांची परवानगी घ्या. हाडं ठिसूळ असतील तर कमरेत खाली वाकण्याचे आणि पीळ देण्याचे व्यायाम नकोत. खालचे व्यायाम ताठ पाठीने करायचे आहेत, ते बहुतेकांना चालतात.

दुसरी पायरी: मोठ्याने हाक मारणारा व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. अर्धा तास पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ च्या पुढच्यांना चालण्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सुधारणारा व्यायाम सांगितला आहे. चालण्याच्या जागी नाही, चालण्याबरोबर.

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरची उठबस. शाळेत उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावत, म्हणून की काय, आपल्या पिढीला त्यांच्याविषयी आकस आहे. तालमीतल्या माणसाला विचारा, तो बैठकांना पहिलं स्थान देईल. आमच्या आज्या पाटावर जेवल्या, चुलीपाशी उकिडव्या बसल्या, भारतीय पद्धतीच्या संडासात गेल्या. दिवसाकाठी नकळत पन्नासेक बैठका निघत. डायनिंग टेबल, उंच ओटा आणि कमोड आले आणि त्या बैठका गेल्या. गुडघे खरोखर झिजलेले असतील तर कमोड हवाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण गेलेल्या बैठका कुठेतरी भरून काढायला हव्यात.

कृती अशी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. बरेच जण पाय पुढे पसरून उठायला बघतात, तिथेच चुकतं. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि टाचेवर जोर देऊन उठा. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. उठायचं झटक्यात, बसायचं सावकाश, मनात एक-दोन-तीन मोजत. झटक्यात उठण्याने ते वेगवान तंतू जागे होतात, सावकाश बसण्याने मांडीवर भार टिकतो. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया.

हात न लावता उठता येत नसेल तर बैठक उंच करा. घडी घातलेली सतरंजी किंवा टणक गादीचा तुकडा खाली घ्या, पाच-सहा वेळा सहज जमू लागलं की एक घडी कमी करा. ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं विसावा, असे दोन ते तीन फेरे.

आता हाक मोठी आहे की नाही हे ओळखायची खूण. फेरा संपतो तेव्हा "अजून दोन-तीनच निघतील" असं वाटायला हवं. अजून दहा सहज निघत असतील तर ती कुजबुज झाली. मग छातीशी पाण्याची भरलेली बाटली धरा. एक लिटर म्हणजे एक किलो. पुढे पाठीवर नातवाचं दप्तर, त्यात आधी दोन पुस्तकं, मग चार. लोक इथेच चुकतात. एकदा दहा बैठका जमल्या की वर्षभर दहाच काढतात, आणि मग व्यायामाने काही होत नाही म्हणतात. भार दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा वाढलाच पाहिजे.

उठबस नीट बसली की एकेक करून बाकीचे जोडा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, वर दोन सेकंद थांबायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन फेरे होतात. जमलं की एका पायावर. हातांसाठी भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे टेकायचे, छाती भिंतीकडे न्यायची आणि ढकलायची. सोपं झालं की भिंतीऐवजी ओट्याची कड. ढकलण्याला जोड हवी ओढण्याची. विहिरीचा पोहरा ओढणं बंद झालं तेव्हापासून आपल्या पाठीला हे कामच उरलेलं नाही. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपर मागे ओढा. पट्टा नसेल तर एक हात टेबलावर टेकून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने तांदळाची पिशवी कमरेपर्यंत उचला.

जिन्याची एकच पायरी चढ-उतर, कठड्याला एक हात लावून, प्रत्येक पायाने दहादा. आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या भाजीच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात चकरा. यात पकड, खांदे, पोट, पाय सगळे एकदम कामाला लागतात, आणि कुणालाही हा "व्यायाम" वाटत नाही, त्यामुळे सगळ्यांत टिकतोही हाच.

तोलासाठी रोज पाच मिनिटं ओट्याजवळ: टाचेला बोटं लावून रेषेवर चालणं, मग एका पायावर दहा सेकंद. ओट्यापासून लांब जायचं धाडस नको.

जमिनीवरून उठणं वेगळं शिका, आणि ते पडण्याच्या आधी शिका. कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत भक्कम खुर्चीपाशी जा, बैठकीवर दोन्ही हात ठेवा, बळकट पायाचं पाऊल पुढे रोवा, हात आणि पाय दोन्हींनी रेटून वर या आणि वळून खुर्चीवर बसा. पहिल्यांदा गादीवर, सोबत कुणी असताना करा. पडल्यावर हाड मोडलेलं नसतानाही तासन्‌तास जमिनीवरच पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना उठायची रीत ठाऊक नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, दोन दिवसांत उतरतं. सांध्यात दुखलं, सुजलं, किंवा दुखणं दोन दिवसांहून जास्त टिकलं तर भार निम्मा करा, व्यायाम बंद करू नका. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः उरलेले लाइनमन पुन्हा जोमाने कामाला लागल्यामुळे. मांडी भरलेली दिसायला अडीच-तीन महिने लागतात. "एक महिना केलं, काही फरक दिसत नाही" म्हणून सोडणाऱ्यांना मी मांडी बघायला मनाई करते आणि पुन्हा घड्याळ लावायला सांगते.

तिसरी पायरी: ताट

आपल्या वृद्धांचं नेहमीचं खाणं बघा. सकाळी चहा-बिस्किट. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, थोडा भात. चारला पुन्हा चहा. रात्री मऊ खिचडी किंवा दूध-भात, "पचायला हलकं." बेरीज केली तर प्रथिन ३० ग्रॅमच्या आसपास भरतं. निरोगी वृद्धाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिन लागतं, आजारातून उठलेल्याला १.२ ते १.५ पर्यंत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपण निम्म्यावर आहोत.

"वरण रोज असतं की" हा यावरचा ठरलेला बचाव. वाटीभर पातळ वरणात डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम आणि त्यातून मिळतं जेमतेम चार ग्रॅम प्रथिन, उरलेलं पाणी. वरण घट्ट करा, इथून सुरुवात.

६० किलोच्या शाकाहारी काकूंचा दिवस मी असा मांडते. सकाळी बिस्किटांऐवजी मूगडाळीची धिरडी, ५० ग्रॅम डाळीची, म्हणजे १२ ग्रॅम. सोबत वाटीभर दही, ५ ग्रॅम. दुपारी मटकीची उसळ, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची, ९ ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ६-७ ग्रॅम. आणि पुन्हा वाटीभर दही किंवा घट्ट ताक. चारला चहाबरोबर मूठभर फुटाणे, ६ ग्रॅम. रात्री घट्ट पिठलं-भाकरी, आणि त्याबरोबर ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. झोपताना कपभर दूध. साठी गाठली. घरात सोयाबीनचे चंक्स चालत असतील तर काम आणखी सोपं. २५ ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १२-१३ ग्रॅम प्रथिन असतं. अंडी खाणाऱ्यांना दोन अंड्यांतून १२ ग्रॅम. मासे खाणारी कोकणातली, गोव्यातली मंडळी नशीबवान, १०० ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम आणि चावायला मऊ. पण तिथेही मासळीचा मोठा तुकडा मुलाच्या ताटात आणि आजीला रस्सा-भात, हे बघितलंय.

सगळं प्रथिन रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांना वाटून घ्या, आणि निदान दोन जेवणं तरी वीसच्या पुढे न्या. हाक मोठी हवी, हे इथेही तसंच.

खरी अडचण दातांची असते. कवळी सैल झाली की उसळ आणि शेंगदाणे ताटातून आधी जातात आणि उरतो मऊ भात. कवळी नीट करून घेणं हा स्नायूंचाच उपचार समजा. तोवर सातूचं पीठ दुधात, फुटाण्यांचं किंवा शेंगदाण्यांचं कूट भाजीत, मूग शिजवून घोटून. चातुर्मासातले आणि एकादशीचे उपास करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या भरवशावर राहू नये, तो निव्वळ पिष्ट आहे. दूध, दही, पनीर, दाण्याचं कूट उपासाला चालतं, तेच वाढवा.

मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. किती प्रथिन घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

गोळ्या आणि डबे

थोडक्यात सांगते. डब्यातलं पेय एकटं काही करत नाही. फियातारोने यांनीच १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर हे तपासलं: व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, फक्त पूरक पेय घेणाऱ्यांना ताकदीत फायदा झाला नाही. भूक मेलेल्या माणसाला प्रथिनाची पावडर उपयोगी पडते, पण डब्यावर साखर किती ते वाचा. क्रिएटिन ही व्यायाम करणाऱ्यांना विकली जाणारी पावडर. ते व्यायामाबरोबर थोडी भर घालतं, व्यायामाशिवाय जवळजवळ काही नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारून घ्यावं. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, मात्र साठ हजार युनिटची पुडी "ताकदीची" म्हणून मनाने घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला, तर त्या पडायच्या कमी न होता जास्त पडल्या. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

दवाखान्याचे दहा दिवस

इतकी वर्षं जपलेली मांडी सगळ्यांत वेगाने जाते ती अंथरुणावर. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठीच्या पुढच्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं. पायांतलं मांस जवळपास एक किलोने घटलं. आजार नव्हता, ताप नव्हता, जेवण नेमून दिलेलं होतं, तरी. न्यूमोनिया किंवा डेंग्यूने दाखल झालेल्या माणसाचं काय होत असेल, ते त्याच्या घरी परतल्यावर दिसतंच. आजार बरा झालेला असतो आणि माणूस संडासापर्यंत जाऊ शकत नाही.

नातेवाइकांनी "आराम करू द्या" याचा अर्थ "झोपवून ठेवा" असा घेऊ नये. डॉक्टरांना पहिल्या दिवशीच विचारा: "यांना बसवलं तर चालेल का? उभं केलं तर? संडासाला चालत नेलं तर?" मनाई नसेल तर जेवण पलंगावर नको, खुर्चीत बसून. सलाइनचा स्टँड धरून वॉर्डात दिवसातून तीन-चार फेऱ्या. उठता येतच नसेल तर झोपल्या झोपल्या दर तासाला पावलं वर-खाली, गुडघा गादीत दाबून मांडी आवळणं, कंबर उचलणं, प्रत्येकी दहादा. भेटायला येणाऱ्यांना शहाळ्याऐवजी उकडलेली अंडी किंवा पनीर आणायला सांगा. शहाळ्याने तहान भागते, मांडी भरत नाही.

घरी आल्यावर आठवडाभराने खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या. आकडा आजाराआधीपेक्षा वाईट येणारच. सुरुवात तिथूनच, सतरंजीची घडी वाढवून.

पुन्हा कॅलेंडरकडे

बारा आठवडे झाले की तीच खुर्ची, तीच टेप, तेच अंतर. सर्वांत आधी खुर्चीचा आकडा हलतो. पोटरीचा शेवटी, आणि कधीकधी मुळीच हलत नाही. मागच्या महिन्यात एका काकूंचे १९ सेकंदांचे १३ झाले. त्या म्हणाल्या, "अजून बारा नाही झाले की." मी त्यांच्या दप्तरात आणखी एक पुस्तक घातलं.